रथापुढचे नाना

लग्न होऊन छत्तीस साली मी पंचवटीत आले. पहिल्याच सकाळी दारावरून एक वयस्कर गृहस्थ उलटे चालत जाताना दिसले. धोतराचा सोगा हातात, नजर समोर, पाऊल मागे. त्यांच्या पाठीशी एक ठेंगणी बाई वाट सांगत होती, "डावीकडे घ्या. गटार आहे." मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या हसल्या. "अगं, हे शेजारचे नाना आणि माई. यंदा रथाचा मान नानांकडे आहे."

काळ्या दगडाच्या मोठ्या देवळातून चैत्री एकादशीला रामाचा रथ निघतो. दोर ओढायला तालमीतली माणसं असतात, आणि रथापुढे एक पुजारी देवाकडे तोंड करून सगळी वाट उलटा चालतो. देवाला पाठ दाखवायची नाही. मान पुजाऱ्यांत आळीपाळीने फिरतो. नानांकडे तो बऱ्याच वर्षांनी आला होता आणि गुडघे आता कुरकुरत होते, म्हणून ही रोजची तालीम.

एरवी नाना यात्रेकरूंना देऊळ दाखवत. सभामंडपात शिरताच खांबाला हात लावायला सांगत. "लाजू नका. रामशेजच्या डोंगरातला दगड आहे. बाहेर एवढं ऊन, तरी गार लागतोय ना?" कोणी गाभाऱ्याकडे घाई केली की म्हणत, "सावकाश! देव कुठे पळतोय?"

पाडव्याला नाना व्रतासाठी देवळात राहायला गेले. रथ होईपर्यंत घरी यायचं नाही, असा नेम. आणि त्याच आठवड्यात माईंना ताप भरला. तो उतरेना. वैद्य नाडी पाहून म्हणाले, भरवसा देता येत नाही. माईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "त्यांना कळवू नकोस गं. सगळं टाकून येतील."

आरतीला गेले तर पूर्वेच्या दरवाजाशी नानांनीच गाठलं. "सूनबाई, माई का येत नाही?"

मला खोटं बोलवेना. ऐकून नाना खांबाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "तिला सांग, माझा रथ दाराशी येईपर्यंत तिनं कुठेही जायचं नाही."

एकादशीला दुपार कलल्यावर रथ आमच्या गल्लीत शिरला. मी माईंना उशांच्या आधाराने खिडकीशी बसवलं होतं. आधी नानांची घामाने भिजलेली पाठ दिसली, मग फुलांत बुडालेला राम. माईंनी कसेबसे हात जोडले. नाना खिडकीखाली आले, थांबले आणि त्यांनी हात वर केला. दोर ओढणारे थबकले. आणि नाना वळले. रामाकडे पाठ, खिडकीकडे तोंड.

"काशी," त्यांनी चारचौघांत नावाने हाक मारली, "दिसतंय ना गं?"

"दिसतंय. वळा बघू आधी! लोक बघताहेत."

"बघू देत."

क्षणभर तिला डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा देवाकडे तोंड करून ते चालू लागले. माई हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

वैशाखात माई उठून बसल्या. पण देवळात कोणाला येऊ द्यायचं यावरून नुकताच मोठा झगडा होऊन गेला होता; रूढीच्या बाबतीत जाणती मंडळी फार कडक झाली होती. त्यांनी नानांना प्रायश्चित्त सांगितलं. नानांनी मुकाट्याने गोदावरीत स्नानं केली, उपास केले. शेवटी मंडळी म्हणाली, "चूक झाली एवढं म्हणा, पुढची पाळी तुमचीच."

"उपास आणखी सांगा, करीन," नाना म्हणाले. "चूक म्हणणार नाही."

माईसुद्धा त्यांच्याशी भांडल्या. "म्हणून टाका ना एकदा! काय बिघडतंय?"

"खोटं बोलायचं, आणि तेही देवळात?"

काही वर्षांनी पाळी आली ती पुतण्याकडे गेली. नानांनीच त्याची रोज तालीम घेतली. कुठे उतार लागतो, कुठे चाक अडतं, सगळं सांगितलं. रथाच्या दिवशी मला वाटलं, नाना घराबाहेर पडणार नाहीत. पण माईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, नानांनी उपरणं घेतलं, आणि दोघं मला म्हणाली, "चल येतेस?" इतक्या वर्षांत नाना देवळात आणि माई घरी, असाच त्यांचा रथ झाला होता. त्या दिवशी गर्दीत, गुलालाने लाल होत, दोघं पहिल्यांदा रथामागून बरोबर चालली.