सगळ्यांच्या फोनवर मी

कॅन्टीनमध्ये माझाच आवाज ऐकू आला. मी तर गप्प उभी होते, हातात चहाचा कप.

मागच्या टेबलावर मोबाईल फिरत होता. आदल्या दिवशी मी वर्गात सेमिनार दिला होता. घाबरले की तोंडात माझ्या गावची, सायखेड्याची बोली येते. "हे लय महत्त्वाचं हाय," असं बोलून गेले होते. वर्गातल्याच एका मुलानं तेवढंच कापून रील केलं, स्वतःच्या पेजवर टाकलं. प्रत्येक 'हाय'नंतर म्हशीचं रेकणं. खाली कमेंट. पहिली त्याचीच: 'सरकारी जावई.' 'फुकटची सीट.' माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीनंही हसून लोळणारी इमोजी टाकली होती.

मी बोलणंच टाकलं. बसमध्ये तिकीट मागायचं तरी वाक्य आधी मनात घोकायचे. फोन थरथरला की उशीखाली ढकलायचे. घास गिळवेना. होस्टेलवर तोंडावर चादर ओढून पडून राहायचे. वाटायचं, ही जीभच नको. नंतर वाटायला लागलं, आपणच नको.

सुट्टीला घरी गेले. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. तिला वाचता येत नाही. शेजारच्या पोरीनं तिला ते रील नुसतं दाखवलं होतं. आई कौतुकानं म्हणाली, "लय भारी बोलली गं. पण मधीच म्हस का वरडती?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि ओढणी तोंडात कोंबून रडले.

परत आले आणि विभागप्रमुखांकडे तक्रार केली. त्यांनी बोलावलं, तेव्हा तो मुलगा त्यांच्यासमोर खुर्चीत बसला होता. मी उभी.

सर म्हणाले, "मस्करी केली गं त्यानं. सॉरी म्हणतोय. त्याला नुकत्याच लागलेल्या नोकरीचा प्रश्न आहे. मिटवून टाक."

"नाय मिटवणार," मी म्हणाले. आवाज फाटला होता. "मस्करी नाय सर ही. त्यानं माझी जात काढली."

सरांनी माझा तक्रार अर्ज फाईलखाली सरकवला.

तिथून मी सायबर पोलिसांकडे गेले. तक्रार दिली. मग घरी जाऊन आईला रीलखालच्या सगळ्या कमेंट वाचून दाखवल्या. ती त्या दिवशी जेवली नाही.

त्यानं रील काढलं. लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलंय. वर्गात हात वर करायचा म्हटलं की अजून घाम फुटतो. हे कधी जाईल, ठाऊक नाही.

परवा सरांचा निरोप आला, "शांतपणे विचार कर."

केला. तक्रार मागे घेणार नाही.