सात घोडे आणि एक कविता

अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीनं घर बांधलं आणि बैठकीत, अगदी दारासमोर, एक भिंत कोरी ठेवली. त्या भिंतीवर माझा डोळा होता.

आमच्या जावयांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचाही होता. त्यांनी त्या भिंतीसाठी सात घोड्यांचं चित्र मागवलं होतं. पांढरेशुभ्र, उधळलेले, पाणी उडवत धावणारे घोडे. घरात लक्ष्मी आणतात म्हणे. मला तिथे माझी कविता हवी होती.

माझ्या कवितेबद्दल आमच्या नातेवाइकांचं मत फारसं गुप्त नाही. बहिणीच्या लग्नात मी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला उभा राहिलो, तर दुसऱ्याच कडव्याला बॅन्ड सुरू झाला. बॅन्डवाल्याला खूण कोणी केली, ते आजवर बाहेर आलेलं नाही. पण अंतरपाटाआडून नवरदेवाचा हात हलताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

बहिणीनं फोनवर तोड काढली. गृहप्रवेश दसऱ्याला, त्या सकाळी घोडे आणि कविता दोन्ही हजर करा, भिंत कोणाची ते तिचे सासरे ठरवतील. सासरे म्हणजे आमचे व्याहीबुवा, अकोटकडचे जुने शेतकरी, बोलायला भारी काटकसरी. माझी एकही कविता त्यांनी शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. तिसऱ्या ओळीच्या आसपास ते हमखास विचारायचे, "चहा झाला का?"

म्हणजे कविता ऐकवून भागणार नव्हतं, ती दाखवायला हवी होती. मी दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास आणला. वर उंचसखल पोत यावा म्हणून दुकानात डब्यातली पांढरी पेस्ट मिळते. ती मी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. अमरावतीच्या माणसानं अकोल्याच्या बहिणीकडे डब्यातली माती न्यायची? आमच्या वावरातली काळी माती आणली, मैद्याच्या चाळणीनं चाळली, तिच्यात कणकेची खळ शिजवून कालवली. कॅनव्हासवर आधी पोत्याचा तुकडा गोंदानं चिकटवला, मातीला काहीतरी धरायला हवं ना. त्यावर सुतळी वळवून वळवून अक्षरं बसवली आणि ती पांढऱ्या ऑइल पेंटनं रंगवली. मग स्वयंपाकघरातलं उलथनं पळवून अक्षरांभोवती माती थापली. एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? माती ओली असतानाच ओळींच्या आजूबाजूला गव्हाचे दाणे टोचले, अगदी दाट. तिरपा उजेड पडला की दाण्यांची बारीक सावली पडते आणि पेरलेल्या वावरासारखं दिसतं. मी लांब उभा राहून, डोळे किलकिले करून पाहिलं आणि स्वतःची पाठ थोपटली.

काळी माती घाईनं वाळली की भेगाळते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. म्हणून कॅनव्हासवर ओलं फडकं टाकून तो देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आडवा ठेवला. सावकाश वाळू दे, आल्यावर वार्निश मारू, असा बेत केला आणि सरकारी कामासाठी मेळघाटात गेलो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती.

नवमीला दुपारी परतलो. बॅग ठेवून आधी देवघरात गेलो, तर कॅनव्हास कुठे दिसेचना. आईचा घट तेवढा होता, आणि त्याच्या शेजारी एक लांबरुंद, वीतभर उंचीचं, पिवळंजर्द गव्हाचं वावर डोलत होतं. त्यावर झेंडूची माळही सोडलेली होती. कवितेचं एक अक्षर दिसत नव्हतं.

आई आतून पदराला हात पुसत आली. चेहऱ्यावर असा आनंद की मला नोकरी लागली त्या दिवशीही नव्हता.

"यंदा तू घट बसवला, अन् मले सांगतलं बी नाई," ती म्हणाली. "मी म्हटलं, पोराले उशिरा का व्हयना अक्कल आली. दोघालेबी सारखंच पाणी दिलं."

मी तिला सांगितलं की हा घट नाही, चित्र आहे, यात कविता आहे, उद्या भिंतीवर लागायची आहे.

"असंन," आई म्हणाली. "पण गहू कसा निंगाला, पाह्य ना."

मी कात्री शोधायला वळलो तशी ती आडवी आली. काळ्या मातीत पेरलं, नऊ दिवस पाणी घातलं, माळ चढवली, तर तो घटच. आणि दसऱ्याच्या आधी घटाला कात्री लावत नसतात. तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, मीही त्या दिवशी परंपरा मोडली नाही.

दसऱ्याला सकाळी आई आणि मी एसटीनं निघालो, वावर माझ्या मांडीवर. कंडक्टरनं त्याला नमस्कार केला आणि पुढची सीट मोकळी करून दिली. मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईनं हळदकुंकू वाहिलं. कवी म्हणून हा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि तेव्हाही तो गव्हालाच मिळत होता.

अकोल्याच्या घरात सात घोडे भिंतीला टेकून आधीच तयार उभे होते. मी त्यांच्या शेजारी माझा कॅनव्हास ठेवला. जावयांनी तो वरून खालून न्याहाळला.

"साळेबुवा, कविता आणतो म्हणत होते, तुमी तं लॉन घेऊन आले."

पाहुणे हसले. बहीण हसली नाही, ती माझ्याकडे पाहत राहिली. भिंत गेली, हे मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं.

तेवढ्यात व्याहीबुवा पुढे झाले. पिकावरून उलटा हात फिरवला, दाटी कशी आहे ते पाहिलं. मग दसऱ्याला कोणताही शेतकरी घटासमोर करतो तेच त्यांनी केलं. चार कोंब नखानं खुडले आणि टोपीत खोवले. खुडले तिथे खाली पांढरं काहीतरी दिसलं. ते वाकले. चष्मा लावला.

"बाई," त्यांनी वाचलं. "हे काय हाय? पुढं बी हाय वाटते."

मग जो तो पुढे सरसावला. दसऱ्याचं धन कोणाला नको असतं? कोणी टोपीत खोवलं, कोणी कानावर, बायकांनी अंबाड्यात. जसजसे कोंब कमी होत गेले तसतशी अक्षरं वर येत गेली, आणि उघडी पडलेली ओळ जो तो मोठ्यानं वाचू लागला. पहिली पूर्ण ओळ नेमकी जावयांच्या वाट्याला आली.

"बाई, तुह्या घरी मी काही घेऊन नाही आलो." ते थांबले. "हे मात्र खरं लिहिलं."

पुन्हा हशा पिकला, पण आता कोणी जागचं हललं नाही. खालची ओळ एका शेजारणीनं वाचली: "आपल्या वावरातली मूठभर माती आणली." शेवटची ओळ तेवढी झाकलेली होती. बहिणीनं सगळ्यांना मागे सारलं आणि खाली बसून एकेक कोंब खुडत ओंजळीत घेतला.

"तिच्यात तुह्या पावलाची जागा अजून रिकामी हाय."

तिनं ते वाचलं आणि आईच्या खांद्याला टेकली. आई मला म्हणाली, "पाणी मी दिलं होतं, ध्यानात ठेव."

व्याहीबुवांनी घोड्यांकडे बोट केलं. "हे मागच्या खोलीत न्या." मग माझ्याकडे वळले. आता चहाचं विचारणार, अशी मी तयारी ठेवली.

"मले तुटक तुटक ऐकू आली," ते म्हणाले. "आता एकदा सरळ म्हणा."

मी सदरा नीट केला, घसा साफ केला आणि चहाचा भरलेला ट्रे जावयांच्या दोन्ही हातांत दिला. मगच सुरुवात केली.