टेकडी कुठून सुरू होते

देवराम गुरुजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा पुतण्या दुकानात आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी पाणी भरायच्या पितळी गुंडाच्या भावावरून भांडत होतो. महिना झाला त्याला. ऐकलं आणि तोंडातून निघालं, "मंग आता माझा फैसला कोन करंल?"

फैसला टेकडीच्या हद्दीचा होता. वैनगंगेला पूर आला की अर्धं भंडारा गाठोडी घेऊन आमच्या टेकडीवर येतं आणि टेकडीवाले चुलीवर मोठे गंज चढवून सगळ्यांना जेवू घालतात. त्यामुळे इथे राहणाऱ्याचा तोराच वेगळा. मी लाखांदूरहून डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन आलेला माणूस. तीन महिने घासाघीस करून इथे घर घेतलं ते त्या तोऱ्यासाठीच. पुढच्याच पुरात माझ्या खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या. टेकडीवर वर राहणारे गुरुजी गेरू घेऊन आले आणि पाण्याच्या खुणेवर रेघ ओढून म्हणाले, "पानी जेथवर, गाव तेथवर. तुमी खालचे."

मी वरच्या खोलीत झोपतो, पायऱ्यांवर नाही, असं मी ओरडून सांगितलं. पायऱ्या काय शेजाऱ्याच्या आहेत का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी रेघेवर चुना मारायचो, ते पुन्हा ओढायचे... वीस वर्षं.

टेकडीवरचा माणूस गेला की रेघेपर्यंत टेकडीवाल्यांनी खांदा द्यायचा, पुढे गाववाल्यांनी, ही इथली रीत. उतार असा की तिरडीच्या पुढे उंच माणसं लागतात. उरलेले टेकडीवाले म्हातारे, त्यातून बुटके. म्हणून मला बोलावणं. मी गुरुजींच्या अंगणात उभं राहूनच सांगितलं, मी टेकडीवाला आहे हे आधी कबूल करा, मग खांदा देतो. तेवढ्यात ओट्यावरून गुरुजींच्या बायकोचा आवाज आला.

"भाऊजी, थे तं सांगूनच गेले. समोर तुमालेच घ्या म्हने. टेकडीचाच मानूस हाये म्हने थो."

फुकट मिळालेल्या मालासाठी मी सौदा करत होतो! जिवंतपणी एकदा म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? हा राग अजून गेलेला नाही.

उतरलो. माझ्या घरासमोर, रेघेपाशी, गाववाले खांदा बदलायला उभे होते. रीतीप्रमाणे टेकडीवाल्याचं काम तिथे संपतं. एकाने माझ्या खांद्यावरच्या दांड्याखाली हात घातला. मी सोडेना. तो म्हणाला, "सोडा ना भाऊ, तुमी वरचे."

"मी खालचा हाये," मी म्हणालो. "चाला घाटावर."