काळीज उजवीकडे असतं

मटणवाल्या अण्णांचा आवाज असा खणखणीत, की ते दुकानात बोलले की शेजारचा न्हावी वस्तरा उचलून धरायचा, कुणाचा गाल कापायला नको म्हणून! पण आज दवाखान्याच्या बाकावर त्यांची दातखीळ बसली होती. सोळा वर्षांच्या लेकीचं यकृत पार कामातून गेलं होतं. अण्णांच्या यकृताचा तुकडा तिला चालणार होता, पण आधी समितीसमोर परीक्षा! आपण काय देतोय हे माणसाला नीट कळलंय, याची खात्री पटल्याशिवाय परवानगी नाही.

शिकवणी घेतली होती ती लेकीनंच, आदल्या रात्री, खाटेवर पडल्या पडल्या.

"बाबा, शरीराचा सगळ्यात लहान जिवंत घटक म्हणजे पेशी. एकसारखं काम करणाऱ्या पेशी एकत्र आल्या की ऊती. ऊती मिळून अवयव. आणि यकृत हा असा अवयव, की तुकडा काढला तरी उरलेल्या पेशी वाढतात नि तो भरून येतो."

"काय सांगतेस!" अण्णा उडालेच. "तीस वर्षं सुरी चालवतोय, आणि हे मला आज कळतंय?"

आत समितीचे तिघं बसले होते. मधल्या बाईंनी विचारलं, "मुलीला काय देताय?"

झालं! घोकलेला शब्द ऐन वेळी पळाला.

"काळीज," अण्णा म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि छातीच्या डावीकडे बोट दाखवलं. "अहो, हे दिलंत तर जगाल कसे? तुम्हाला काही समजलेलंच नाही."

अण्णा खुर्चीतून उठलेच. पोर हातची जाणार! आणि तो दुकानातला आवाज एकदम फुटला.

"बाई, ते हृदय! ते गाण्यातलं काळीज. आमच्या दुकानातलं काळीज इथं, उजवीकडे, बरगड्यांखाली. पुस्तकात त्यालाच यकृत म्हणतात. निम्म्याहून जास्त काढणार, माझ्याही जिवाला धोका आहे, सगळं ठाऊक आहे. पण उरलेल्या पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होणार, नि दोन-तीन महिन्यांत जवळजवळ होतं तेवढं! हातही दिला असता हो, पण तो मेला परत उगवत नाही."

बाईंना हसू आवरेना. हसतच त्यांनी सही केली.

"सोमवार! सोमवारी ऑपरेशन!" अण्णा ओरडतच जिना चढले. नर्स डोळे वटारून बघत राहिली.

"यकृत म्हणालास ना, बाबा?"

"छे! काळीज म्हणालो."

लेकीनं कपाळाला हात लावला.

"अगं, जन्मल्यापासून तुला काळजाचा तुकडा म्हणतोय. सोळा वर्षं नुसतं तोंडानं! आता सोमवारी खरं करून दाखवतो."