बघ्यांचा मॉनिटर

"कल्पना, त्या बघ्यांना हाकल. नाहीतर रोहा ब्रँचच्या किल्ल्या टेबलावर ठेव."

पेणहून सोमवारी सकाळच्या गाडीने आलेले सर खुर्चीत बसायच्या आधीच बोलले. किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी पर्सची चेन लावून घेतली.

सरांचा कॉम्प्युटर क्लास पेणला, ब्रँच रोह्याला. ब्रँच मी सांभाळायचे आणि गेमही मीच लिहिला होता. नव्वदच्या दशकाची अखेर. स्क्रीनवर चित्रं नाहीत, सगळा अक्षरांचा खेळ. कोणी किल्लेदार व्हायचं, कोणी हेर, आणि टाइप करत त्या माणसासारखं वागायचं. पेण विरुद्ध रोहा. दोन्हीकडचे कॉम्प्युटर मोडेमने जोडलेले, म्हणजे फोनच्या तारेवरून. दर रविवारी दुपारी डाव रंगायचा.

खेळणारी मुलं मोजकी, बघायला मात्र निम्मा बाजार. आमचा मुलूख कबड्डीचा. खेळणाऱ्याला बाहेरून अक्कल शिकवणं हा इथे प्रत्येकाला आपला हक्क वाटतो. खुर्च्यांमागची गर्दी हटावी म्हणून मी गेममध्ये स्पेक्टेटर मोड घातला. बघणाऱ्याचं वेगळं लॉगिन. त्याला सगळे खेळाडू दिसतात, करता काहीच येत नाही. एक मॉनिटर व्हरांड्यात मांडला. मैदानाबाहेर प्रेक्षक उभे राहतात, तसेच हेही राहतील.

इथेच माती खाल्ली. कबड्डीत कोणी लपत नाही. माझ्या गेममध्ये हेर लपतो.

पहिल्याच रविवारी पेणचा अनीस हेर होऊन गेममधल्या आमच्या किल्ल्याच्या कोठारात शिरला. व्हरांड्यात कंपनीतून रिटायर झालेले बबनकाका पहिल्या रांगेत. ते खिडकीतून ओरडले, "अरे, कोठारात हाय तो! दार लावा!"

अनीस पकडला गेला. बबनकाकांनी दाखवला, असं आमच्या एका पोराने फुशारकीने टाइपही करून टाकलं. पेणची पोरं डाव सोडून उठली. सर मला फोन लावत बसले, पण तार गेमनेच अडवलेली. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः हजर.

"गेम खेळायला असतो, बघायला नाही," सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. बबनकाकांना टाइप करता येत नव्हतं. बघणं हेच त्यांचं खेळणं होतं. ते बंद करायला मी गेम लिहिला नव्हता.

"हाकलणार नाही," मी म्हटलं. "एक रविवार द्या. फसलं तर किल्ल्या घ्या, मी घरी बसते. आणि येताना अनीसला घेऊन या. इथेच बसून पेणकडून खेळू दे."

उपाय साधा निघाला. व्हरांड्यात जाणारी प्रत्येक ओळ आधी रांगेत थांबवायची, आमच्या भाषेत क्यू, आणि पाच मिनिटांनी सोडायची. म्हणजे बघ्यांना दिसणार ते घडून गेलेलं.

रविवारी सर अनीसला घेऊन आले. थोड्या वेळाने बबनकाका ओरडलेच, "कोठारात हाय!" आमची मुलं धावली. कोठार रिकामं. अनीस केव्हाच विहिरीकडे सरकला होता.

पुढे मात्र वेशीवर आमच्या किल्लेदाराने त्याला गाठून मारलं. अनीस उठला, चहाचा ग्लास घेऊन व्हरांड्यात आला. तिथल्या मॉनिटरवर तो अजून जिवंत होता आणि वेशीकडे निघाला होता.

"नको जाऊ रं तिकडं!" बबनकाका ओरडले.

"मागं फिर ना, अरे मागं फिर!" अनीसचा आवाज सगळ्यांत मोठा.

सर त्याच्या शेजारीच उभे होते. "कुणाला सांगतोयस? तू मेलायस."

"गप ऱ्हावा ना सर, बघू द्या."

सर्वांत आधी बबनकाका हसले, मग सगळा व्हरांडा. सरांनी आतून एक खुर्ची ओढून आणली आणि डाव संपेपर्यंत उठले नाहीत.

निघताना म्हणाले, "पेणलाही एक मॉनिटर बाहेर लाव."

"लावते. किल्ल्या माझ्याकडेच राहतील."

सर अनीसला घेऊन गाडीकडे निघाले. पुढे मी बऱ्याच कंपन्यांत काम केलं. लोक कामात मध्ये मध्ये येतात अशी तक्रार कोणी केली, की मी आधी विचारते, त्यांना उभं राहायला जागा कुठे ठेवलीय?