तळची पेज

नागलीच्या पेजेचा वास आला की मी अजून जामसरच्या आमच्या धुरकट झोपडीत जाते. जव्हारात राजाचं राज्य होतं आणि आमच्या चुलीवर आजीचं, म्हणजे बापाच्या आईचं. आय पोटुशी राहिली की आजी तिला पेजेचं वरवरचं पाणीच वाढायची. पोर पोटात मोठं झालं तर बाळंतपणाला अडतं, म्हणायची. आय धुरात डोळे मिटून बसायची आणि माझ्या कानात सांगायची, आज सपनात वरईचा भात खाल्ला, वर नदीची मासळी होती. ऐकता ऐकता माझ्याही जिभेवर चव यायची.

भाऊ झाला तो ओंजळीत मावेल एवढा. "बघ, कसा सहज आला," म्हणत आजी हरखली. त्याला दूध ओढायचंही बळ नव्हतं. शेतातला भात निसवून लोंब्या यायच्या आधीच तो तितक्याच सहज गेला. आजीचा मला अजून राग येतो.

पुढच्या खेपेला पोटुशी आय नेहमीसारखी वाडगं घेऊन बसली. आजीनं पळी पार तळापर्यंत घातली, दाट पेज आयच्या वाडग्यात ओतली आणि वरचं पाणी स्वतः प्यायली.