परग्रहाच्या राणीची मराठी

लॉस एंजेलिसच्या आमच्या मंडळात दरवर्षी गणपतीत नाटक व्हायचं, आणि दरवर्षी मला बटाटेवड्यांच्या कढईपाशी उभं केलं जायचं. नागपुरात कॉलेजच्या नाटकांत मी बक्षिसं मिळवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे. पेशानं हाडांचे डॉक्टर. लक्ष मात्र समोरच्याच्या व्याकरणाकडे. "वहिनी, अभिनय उत्तम हो तुमचा," ते म्हणायचे, "पण तुम्ही 'पानी' म्हणता. स्टेजवर शुद्ध हवं." हे बोलून झालं की ते "रिहर्सल कॅन्सल केली आहे, कार मूव्ह करा" असं सगळ्यांना सांगत फिरायचे. इंग्रजी चालायचं, नागपूर चालत नव्हतं. बाकी अमेरिकेत मला काही कमी नव्हतं. स्टेजवर उभं राहायचं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं. मला फार राग यायचा.

आमची शेजारीण एका कार्टूनच्या कंपनीत आवाज निवडायचं काम करायची. एका दुपारी मी नागपूरला भावाशी फोनवर बोलत होते. त्या काळी भारतात फोन लागला की ओरडावंच लागे, आणि भावानं मला न विचारता माझी सायकल विकली होती, म्हणून त्या दिवशी आवाज जरा जास्तच चढला होता. फोन ठेवते तर शेजारीण दारात उभी. ही कुठली भाषा, तिनं विचारलं. अगदी अशीच रागीट भाषा त्यांना हवी होती म्हणे.

कार्टून लावून पोरांना टीव्हीसमोर बसवायचं ते शनिवारी सकाळी, म्हणजे आईबापांना झोपता येतं, ही त्या देशाची रीत. कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की मोठी माणसंसुद्धा आठवड्याच्या मधोमध, रात्री आठला, कार्टून बघतील. गोष्ट अशी होती: एका कुटुंबाचं घर गॅरेज आणि लॉनसकट अवकाशात उडतं, आणि बाप ज्या ग्रहावर उतरेल तिथं गवत कापायचं मशीन सुरू करतो. असल्या अकलेला पैसे देणारे लोक असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यातल्या एका ग्रहाची जांभळी, तीन डोळ्यांची राणी मी होणार होते.

"काहीही बोल, कुणाला कळणार नाही," स्टुडिओत डायरेक्टर म्हणाला. "फक्त त्या बापाला हाकलून दे."

मी कंबरेवर हात ठेवले. डोळ्यांपुढे अध्यक्ष आणले. "काहून आला बे इथं? काय करून राहिला? तुले कोनं बोलावलं? चाल, निघ!"

काचेपलीकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं.

तो भाग लागला त्या दिवशी सगळं मंडळ अध्यक्षांच्या घरी जमलं, कारण सगळ्यात मोठा टीव्ही त्यांचा. राणी बोलली आणि हशा पिकला. "म्हणजे नागपूर परग्रहावरच आहे तर!" अध्यक्ष म्हणाले. माझा नवरासुद्धा हसला, त्याचा परिणाम त्याला घरी गेल्यावर कळला. हसली नाही ती एकच, अध्यक्षांची सात वर्षांची मुलगी. तिच्याशी मराठीत काहीही बोला, उत्तर इंग्रजीत. ती टीव्हीला नाक लावून बसली होती.

कार्टून लवकरच बंद पडलं. आठला मोठ्या माणसांनी दुसरं काहीतरी लावलं. "वहिनी, तुमचं राज्य गेलं म्हणे," अध्यक्ष म्हणाले. पण तो भाग त्यांनी स्वतःच टेप केला होता, आणि मुलगी रोज शाळेतून आली की तो लावायची.

गणपती आले. मुलीनं स्टेजवर चार शुद्ध वाक्यांत गणपतीची माहिती सांगायची होती. ती माइकसमोर उभी राहिली आणि गप्प. शेवटी अध्यक्ष आठवण करून द्यायला स्टेजवर चढले. मुलीनं कंबरेवर हात ठेवले.

"काहून आला बे इथं? तुले कोनं बोलावलं? चाल, निघ!"

मी झारा खाली ठेवला. हॉलभर इतकं हसू फुटलं की गणपतीपुढची निरांजनं कुणीतरी हातानं सांभाळली. मुलगी खुशीत दोनदा वाकली. त्यानंतर दर कार्यक्रमात ती माझ्या शेजारी बसायची. "मावशी, व्हॉट वुड द क्वीन से?" असं विचारायची, आणि मी सांगायची.

पुढल्या वर्षी नाटकाच्या आधी अध्यक्षांचा फोन आला.

"वहिनी, यंदा तुम्हाला भूमिका आहे. मोलकरणीची. तुमची भाषा तिला अगदी फिट बसते."

"आणि राणीची?" नाटकात एक राणी होती, ते मला ठाऊक होतं.

"राणी शुद्ध बोलते हो."

इतक्यात त्यांच्या मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, काय करून राहिले?"

अध्यक्षांनी रिसीव्हरवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही.

"थांब ना बेटा," ते म्हणाले, "फोनवर बोलून राहिलो."

मी त्यांना सांगितलं, मोलकरीण दुसरी बघा.